न हुंगलेली फुलं

"फुलांचा वास येतो का तुला?"

अमरावतीच्या सर्जन मॅडमनी असं विचारलं तेव्हा मला तो प्रश्नच पटला नाही. मी हनुवटीसाठी आले होते. तिथे नाकाचा आणि फुलांचा काय संबंध? मी जरा घुश्श्यातच म्हणाले, "आम्ही फुलं हुंगत नाही, मॅडम. देवाची असतात."

शेजारच्या खुर्चीवर बाबा बसले होते. त्यांनी मान डोलावली. पणजोबांपासून चालत आलेला फुलांचा धंदा, आणि पोरगी कशी शहाण्यासारखी बोलली, याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होतं.

मॅडम हसल्या नाहीत. "हुंगत नाहीस हे समजलं. येतो का, ते विचारते आहे."

मी उत्तर द्यायला एकेक वास आठवू लागले. फोडणीचा वास मला यायचा. फिनाईलचा यायचा. उदबत्ती अगदी नाकाजवळ असली तर तिचाही यायचा. पण शेवंतीचा? निशिगंधाचा? ज्या टोपल्यांच्या गराड्यात मी लहानाची मोठी झाले, त्यातल्या फुलांचा वास कसा असतो हे मला सांगता येईना.

मग त्यांनी मला ओठ मिटून नुसत्या नाकाने श्वास घ्यायला लावला. थोड्याच वेळात मी विहिरीतून वर आल्यासारखं तोंड उघडलं. त्यांनी माझा बाजूने काढलेला एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि जिभेच्या मागे एका काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही तुझी श्वासाची वाट. आधीच बारीक आहे. तुला हवी तशी हनुवटी मी आत नेली, तर ही आणखी बारीक होईल. आणि मला शंका आहे, झोपेत तुझा श्वास आजही अडतो आहे."

त्या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. म्हणजे असं, की झोपेत घसा सैल पडतो, जीभ मागे जाते, हवेची वाट बुजते आणि श्वास काही वेळ थांबतो. मग मेंदू दचकतो, शरीराला ढोसतो, श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रभर हेच चालतं आणि सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. नुसतं डोकं दुखतं आणि घसा कोरडा पडलेला असतो.

माझं डोकं रोज सकाळी दुखायचं. मला वाटायचं सगळ्यांचंच दुखतं.

ज्यांच्या घरात कोणी तोंड उघडं ठेवून झोपतं, दिवसा बसल्या बसल्या पेंगतं, किंवा ज्यांना माझ्यासारखी आपली हनुवटी आरशात नकोशी वाटते, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मी अकोल्याच्या जुन्या शहरात फुलांच्या दुकानात बसते, हार ओवते आणि लग्नसराईत मंडपवाल्यांशी भांडते. त्यामुळे जे माझ्यावर गुदरलं तेवढंच सांगेन.

माझा खालचा जबडा पुढे होता. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे यायचे. याला अंडरबाइट म्हणतात. ही हनुवटी बाबांकडून आलेली. बाबांची दाढीत झाकून जाते, माझी कुठे झाकणार? समोरून फोटो काढला तर ठीक. बाजूने कोणी मोबाईल धरला की मी पदर नाहीतर हात आडवा घ्यायची. हार ओवणाऱ्या बायका दोरा दाताने तोडतात, आई तर कटकन तोडते. माझे पुढचे दात एकमेकांना भेटायचेच नाहीत, म्हणून माझ्या मांडीशी कायम एक ब्लेड असायचं.

शिवाय मी झोपाळू म्हणून प्रसिद्ध होते. हार ओवता ओवता पेंगायची, सुई बोटात शिरायची. मोबाईल पाहते म्हणून झोप होत नाही, असं बाबांचं निदान होतं. दुकानापुढून जाणारा कोणीही ओळखीचा माणूस, "पोट्टी अजून झोपेतच हाय का?" असं विचारून जायचा. मीसुद्धा हसायची. आळशी माणसाला आळशी म्हटलं तर त्याने रागावून काय करायचं?

आणि आता आमच्या घरचा नियम सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नाही. हुंगलेलं फूल उष्टं. हे सगळ्यांच्याच घरात थोडंफार असतं, पण फुलवाल्याच्या घरात ते फारच कडक असतं. टोपलीवर वाकायचं नाही, फुलाजवळ तोंड न्यायचं नाही. माझ्या चुलतभावंडांनी यापायी बाबांच्या हातच्या चापट्या खाल्ल्या. मोगऱ्याची टोपली उघडली की त्यांची नाकं आपोआप पुढे व्हायची. माझं कधीच झालं नाही. बाबा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, आमच्या जयाले लहानपणापासून वळण हाय, ते कधी फुलाकडे नाक नाई नेत.

ज्याला माझा गुण म्हणून सगळे मिरवत होते, तो माझा आजार होता. दुसऱ्या कुठल्या घरात पोरीला वास येत नाही हे कधीतरी लक्षात आलं असतं. आमच्या घरात त्याचं कौतुक झालं.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या दातांच्या डॉक्टरांनी मला अमरावतीला पाठवलं होतं. दात वेडेवाकडे असतील तर तारा लावून सरळ होतात, पण जबडाच पुढे असेल तर तारांनी भागत नाही, शस्त्रक्रिया लागते, असं ते म्हणाले. तिला ऑर्थोग्नॅथिक सर्जरी म्हणतात, म्हणजे जबड्याचं हाड कापून, योग्य जागी बसवून, पट्ट्यांनी जोडणं. मी ऐकलं एवढंच, की खालचा जबडा मागे नेता येतो. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात नव्या हनुवटीचा बाजूने फोटोही काढला होता.

आणि आता मॅडम म्हणत होत्या, की खालचा जबडा त्या अगदी थोडाच मागे नेतील. त्यांच्या मते खरं दुखणं वरच्या जबड्यात होतं. तो लहान राहिला होता, अरुंद होता, नाकाचा मजला त्याच्याच छपरावर असतो म्हणून नाकही अरुंद झालं होतं. तर वरचा जबडा कापून पुढे आणायचा. दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन.

बाबा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "दुखणं खाली आन् कापणं वर, हे कावून?"

मॅडमनी त्यांना नीट समजावलं. त्या म्हणाल्या, "दादा, लहान खोलीत मोठा पलंग आहे असं समजा. जीभ म्हणजे तो पलंग, आणि ती खालच्या जबड्याला बांधलेली आहे. जबडा मागे ढकलला की पलंग मागे जातो आणि मागचं दार अर्धंच उघडतं. ज्यांची खोली मुळात ऐसपैस असते, त्यांचं त्यात बिघडत नाही. हिची खोली लहान आहे. म्हणून मला पलंग ढकलायचा नाही, समोरची भिंत पुढे न्यायची आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला हवी ती हनुवटी मी देऊ शकते. पण हनुवटीच्या मागे श्वासाला जागा उरेल का, ते आधी बघू. एक झोपेची तपासणी कर. मग ठरवू."

 परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येताच मी बाबांवर बरसले. मला श्वासाचं काही होत नाही. इतकी वर्षं मेले का मी? मला साधं छोटं ऑपरेशन हवं होतं आणि या बाई सगळं तोंडच उघडायला निघाल्या आहेत. आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, जो सांगितलं तेवढंच करेल. बाबांना ते पटलं. लहान ऑपरेशन कोणत्या बापाला नको असतं?

घरी येऊन बाबांनी आईला सगळं सांगितलं. पलंगाची गोष्टही सांगितली. आई निशिगंधाच्या काड्या मोडत बसली होती. तिने हातातलं काम थांबवलं नाही, पण ती जे बोलली ते मी विसरणार नाही.

"हे जया घोरते ना, तवा मले मस्त झोप लागते. घोरणं थांबलं का मले जाग येते. मंग मी वाट पाह्यतो. पुन्हा घोराले लागली का मंग डोळा लागते."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू शाळेत व्हती तवापासून."

मी लहानपणापासून आईजवळ झोपते. इतकी वर्षं ती बाई माझा श्वास थांबला की जागी होत होती आणि तो सुरू झाला की झोपत होती. याला आजार म्हणतात हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, आईपण असंच असतं. कोणाला सांगण्यासारखं त्यात आहे काय, म्हणून तिने कधी सांगितलं नाही. बाबांनी त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरचं नाव पुन्हा काढलं नाही. मीही नाही.

झोपेच्या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. नाव भीतिदायक आहे, तपासणी नाही. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी आणि डोक्याला थोड्या तारा लावून झोपवतात. दुखत काही नाही. श्वास किती वेळा अडला, रक्तातला ऑक्सिजन किती उतरला, हे यंत्र टिपून ठेवतं. माझ्या अहवालात आजार मध्यम प्रमाणात आहे असं लिहून आलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं, तर नाकाचा पडदाही वाकडा निघाला. तो त्याच ऑपरेशनमध्ये सरळ करता येईल असं ठरलं.

तुमच्यापैकी कोणी जबड्याची शस्त्रक्रिया करणार असाल, विशेषतः खालचा जबडा मागे नेण्याची, तर माझं एक ऐका. आपण घोरतो का, सकाळी डोकं दुखतं का, दिवसा पेंगतो का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि आपल्याला ठाऊक नसेल तर आपल्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या. बाबांऐवजी मी पहिल्याच दिवशी आईला नेलं असतं, तर मॅडमना अर्धी गोष्ट आधीच कळली असती.

ऑपरेशनच्या आधी वर्षभराहून जास्त काळ दातांना तारा होत्या. या काळाबद्दल मला कोणी नीट बजावलं नव्हतं, म्हणून मी बजावते. चेहरा आधी बिघडतो. जबडा पुढे असला की दात बिचारे वर्षानुवर्षं वाकून तडजोड करत असतात. तारा त्यांना सरळ करतात आणि जबड्याचा खरा दोष उघडा पडतो. माझी हनुवटी दिवसेंदिवस आणखीच पुढे दिसायला लागली. एक नेहमीची बाई दुकानावर येऊन म्हणाली, "काय वं, पैसे देऊन बिघडवून घेतलं का तोंड?" मी तिला शिळी शेवंती दिली. देवा, माफ कर.

ऑपरेशन हिवाळ्यात झालं. भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांनी समजावलं, की श्वासाची नळी नाकातून घालतील, कारण तोंडात सर्जनना काम करायचं आहे. सगळे छेद तोंडाच्या आतून घेतात, चेहऱ्यावर व्रण राहत नाही. वरचा जबडा कापून पुढे आणतात आणि टायटॅनियम नावाच्या धातूच्या छोट्या पट्ट्या व स्क्रूंनी पक्का करतात. त्या पट्ट्या कायम आतच राहतात. बाबा त्या दिवशी पहाटे ताज्या झेंडूचा हार घेऊन आले होते आणि त्यांनी तो दवाखान्यातल्या गणपतीला घातला. मग बाहेरच्या बाकावर बसून दुसरा ओवायला घेतला. आई सांगते, मला बाहेर आणेपर्यंत तिथे जो जो देव, जी जी तसबीर होती, सगळ्यांना हार झाले होते. स्वागतकक्षातल्या कॅलेंडरालाही.

शुद्धीवर आले तेव्हा मला वाटलं, मी फसले. नाक पूर्ण बंद. वरखालचे दात रबरांनी एकमेकांना बांधलेले. ज्या श्वासासाठी एवढं केलं, तोच नाही. मी हात आपटायला लागले.

मॅडमनी हे आधी सांगून ठेवलं होतं. सूज उतरेपर्यंत दार बंद केल्यासारखं वाटेल, पण ते बंद नसतं, असं त्या म्हणाल्या होत्या. ऐकलेलं सगळं त्या क्षणी कुठे गेलं कोणास ठाऊक. परिचारिका सांगत होती, दातांच्या फटींतून हवा जाते आहे, ऑक्सिजन छान आहे, यंत्रावर बघ. यंत्रावर माझा विश्वास बसेना.

परिचारिकेने आईला एक छोटी कात्री दिली होती. उलटी झाली तर रबरं कापायची कशी हे शिकवून, ती कायम जवळ ठेवा असं सांगितलं होतं. आईने ती हाराच्या दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली होती. माझी तगमग पाहून ती वाकली, त्या दोऱ्याचं सुटं, पिंजलेलं टोक चिमटीत धरलं आणि माझ्या ओठांपुढे आणलं. ते टोक थरथरलं. आत आलं, बाहेर गेलं.

"हाल्लं पाय. तुहा श्वास चालू हाय."

मी त्या दोऱ्याकडे बघत राहिले. तो हलत होता तोवर मी जिवंत आहे, हे मला पटलं. माझे हात खाली आले.

पुढचे दोन-तीन दिवस सूज वाढतच गेली. ती तशी वाढतेच, घाबरू नका. माझं तोंड कोहळ्याएवढं झालं. नाकातून अधूनमधून जुनं रक्त यायचं. नाक शिंकरायला सक्त मनाई, झोपायचं डोकं उंच ठेवून. खाणं म्हणजे सगळं पातळ, सिरिंजने गालाच्या कडेने सोडायचं. गाळलेलं वरण, मुगाचं कढण, ताक, ज्वारीची आंबील. दर्यापूरचे मामा-मामी भेटायला आले तेव्हा बाबांनी त्यांच्यासाठी गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, आणला आणि सगळे माझ्या पलंगाशीच बसून खायला लागले. मला बोलता येत नव्हतं म्हणून ते वाचले. नाक बंद होतं म्हणून मी वाचले.

अकोल्याला परतल्यावर काही आठवडे मी घराबाहेर पडले नाही. हनुवटी आणि खालचा ओठ बधिर होता. पाणी पिताना सांडायचं आणि कळायचं नाही. ही बधिरता बहुतेकांची हळूहळू जाते, माझी हनुवटीवर नखाएवढ्या जागी अजून आहे. नाक पूर्वीपेक्षा किंचित रुंद दिसतं. आरशातली बाई पहिल्यांदा मला अनोळखी वाटली आणि तिची मला लाजसुद्धा वाटली. हेही सांगून ठेवते, कारण "किती छान झालं" म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि आपल्याला मात्र आपलं जुनं तोंड आठवून रडू येतं. मलाही आलं. मग गेलं.

सूज उतरली तसा एक नवाच घोळ झाला. माझं घोरणं थांबलं. आणि घोरणं थांबलं की आईला जाग येणार, ही तिची इतक्या वर्षांची सवय. आता ते थांबलं ते पुन्हा सुरू होण्याचं नावच घेईना. ती बिचारी वाट पाहत बसायची आणि न राहवून मला हलवायची. "जये, हायेस ना?" मी बरी झाले आणि माझी आई आजारी दिसायला लागली. मॅडमना सांगितलं तर त्यांनी आईला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमची ड्यूटी संपली. आता झोपा." आईने डोळ्याला पदर लावला. मला वाटतं, तिच्या त्या नोकरीची दखल कोणी पहिल्यांदाच घेतली. सवय सुटायला तिला बरेच दिवस लागले. आता ती माझ्याही आधी झोपते.

मॅडमनी मला वासाचं वचन कधी दिलं नव्हतं. त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या, "श्वास सुधारेल याची मला खात्री आहे. वास परत येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही." म्हणून मीही त्याची वाट पाहत नव्हते.

तो आला तेव्हा चांगल्या रूपात आला नाही. दुकानामागे आम्ही न खपलेली फुलं टाकतो, तिथे एका सकाळी मी पाणी भरायला गेले आणि मी पदराने नाक दाबलं. मी ओरडत आत आले, की मागे काहीतरी मेलं आहे. आईने जाऊन पाहिलं आणि परत येऊन पोट धरून हसायला लागली. काही मेलं नव्हतं. सडका झेंडू होता. तो तिथे माझ्या जन्मापासून सडतो आहे.

नंतर झोपेची तपासणी पुन्हा झाली. अहवाल पाहून मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता फुलांकडे बघ. इकडे वर्षातून एकदा ये." नव्या एक्स-रेमधली ती काळी पट्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. रुंद झाली होती. निघताना त्यांनी अजून एक बजावलं, दोरा दाताने तोडायचा नाही. म्हणजे दात जुळले आणि ब्लेड मांडीशी तसंच राहिलं.

मी पेंगत नाही आता. सकाळी डोकं दुखत नाही. सकाळ ही एवढी चांगली गोष्ट असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मॅडमचे, जठारपेठेतल्या डॉक्टरांचे, त्या परिचारिकेचे आणि दोऱ्याच्या त्या टोकाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते फेडायचा माझा विचार नाही. काही उपकार अंगावर राहू द्यावेत.

एक गोष्ट मात्र या उन्हाळ्यातली, ती सांगून थांबते.

मोगऱ्याची पहिली टोपली आली. बाबांनी तिच्यावरचं ओलं फडकं काढलं आणि मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होते तिथपर्यंत तो वास आला. मी घाबरून श्वास रोखून धरला. सगळी टोपली उष्टी होईल, असंच पहिल्यांदा मनात आलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी माझ्या भावंडांना चापट मारायला ते जसे उठायचे, तसेच उठले. टोपलीत दोन्ही हात घातले, ओंजळभर कळ्या उचलल्या आणि माझ्या तोंडापुढे धरल्या.

"हुंग."

"देवाचे हायेत, बाबा."

"देवाले दुसरे देऊ. तू हुंग."

मी ओठ मिटले आणि नाकाने पोटभर वास घेतला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. तुम्हाला तो येत असेल तर तुम्हाला माहीतच आहे. मी रडले, आई रडली, दुकानापुढची गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. बाबा ओंजळ तशीच धरून उभे होते. ती आता उष्टीच झाली होती, परत टोपलीत टाकता येणार नव्हती. बहुतेक म्हणूनच, त्यांनी ती स्वतःच्या नाकाशी नेली. ज्या माणसाने जन्मभर फुलं विकली आणि एकदाही हुंगली नाहीत, त्याने डोळे मिटून श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग दाढीतली ती माझीच जुनी हनुवटी वर करून, तोंड उघडून, माझ्याकडे बघितलं.

"मले त काईच येऊन नाई राह्यलं, जये."

आईचा दोऱ्यावरचा हात थांबला. रात्री घराच्या पुढच्या खोलीत बाबा एकटे झोपतात, कारण त्यांच्या घोरण्याने आम्हाला झोप लागत नाही. त्यांचं घोरणं कधी थांबतं का, हे घरात कोणालाच माहीत नाही.

मी त्यांच्या ओंजळीतल्या कळ्या पदरात घेतल्या, फोन काढला आणि अमरावतीच्या दवाखान्याचा नंबर लावला. या वेळी शेजारच्या खुर्चीवर मी बसणार आहे.